दाव्यासकट दिली

काल सकाळी एका टेम्पोवाल्यानं नव्या तुरीचं एक पोतं आमच्या पायरीशी उतरवलं. कुणी पाठवलं म्हणून विचारलं तर "शिरूर अनंतपाळच्या मालकानं दिलंय, फोन करतो म्हनले तुमाला" एवढं बोलून तो गेलाही. पोतं तागाचं होतं. आता तागाचं पोतं बघायला मिळतं कुठं? सगळीकडे त्या पांढऱ्या सळसळत्या गोण्या. मी खुर्ची पोत्याजवळ ओढली आणि नुसता बसून राहिलो. तागाला एक वास असतो बघा, थोडा रॉकेलचा, थोडा उन्हात वाळलेल्या गवताचा, आणि मागाहून हळूच येणारा धुळीचा. तीस वर्षं मी त्या वासात काढली. माझ्या सदऱ्यांना, जेवणाच्या डब्याला, लग्नपत्रिकांनासुद्धा तो वास यायचा. तेव्हा नको वाटायचा, आणि काल नाकात शिरला तर डोळ्यांत पाणी. माणूस मोठा लबाड असतो.

सून कात्री घेऊन बाहेर आली. "मामा, दोरी लई घट्ट बांधलीय, कापते," म्हणाली आणि वाकली. तेव्हा मला ती दोरी दिसली. चार पदरांची वळलेली सुतळी, तीन पदर मातकट आणि चौथा निळा. "अगं थांब! कापू नको!" मी एवढ्यांदा ओरडलो की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. मग अर्धा तास मी नखांनी ती गाठ सोडवत बसलो. सून हसली, एका दोरीपायी एवढं काय, म्हणून. तिला काय सांगणार? तुम्हाला सांगतो. तुम्हीही कधीतरी कुणाच्या तरी गोड बोलण्यावर आपलं घरचं सोनं मोडलं असेल, त्याशिवाय असले लेख कुणी वाचत नाही.

लातूरच्या मोंढ्यामागं, धान्यबाजाराला लागून, माझं बारदान्याचं गोदाम होतं. बारदाना म्हणजे रिकामी पोती. तूर, हरभरा, सोयाबीन आडतीवर आलं की धान्य एकीकडे जायचं आणि पोती माझ्याकडे. फाटकी वेगळी, धड वेगळी, छपराला टेकतील अशा थप्प्या लागायच्या. दाराशी लोखंडी काटा, कारण जुना माल वजनावर घ्यायचा. दाराच्या आतल्या बाजूला, उजेड पडेल तिथं, औशाचे एक चाचा दाभण घेऊन पोत्यांना ठिगळं लावत बसायचे. त्यांचे वडील, आजोबा, सगळे बारदान्यातच गेलेले. डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोटांना सगळं दिसायचं. आणि बारदाना म्हटला की घुशी आल्याच. मांजराएवढ्या घुशी. थप्पीच्या तळाशी त्या घर करायच्या आणि वरून धड दिसणारी पोती खाली चाळण होऊन निघायची. आमचं सगळं नुकसान त्यातच होतं.

एक कुत्री आपली आपण आली होती. मातकट रंग, डावा कान फाटका, उंची एवढीशी. कुणाची, कुठली, देव जाणे. तिला नावही नव्हतं. "ए" म्हटलं की यायची. पण तिचं काम! हमाल थप्पी उतरवायला लागले की ही खुशाल डोळे मिटून पडायची. वरचे थर निघताना तिला काही देणंघेणं नसायचं, कारण घूस तळात असते आणि शेवटचे दोन थर उरले की पळते, हे तिला कुणी न शिकवता ठाऊक होतं. दोन थर उरले की बाई उठायच्या, आळस द्यायच्या आणि थप्पीकडे न बघता भिंतीच्या कडेला जाऊन उभ्या राहायच्या. घूस तिथूनच जाणार. मानेत धरून एकच हिसडा. मग ती मेलेली घूस घेऊन थेट काट्यावर ठेवायची आणि बाजूला बसून आमच्या तोंडाकडे बघायची. का ठेवायची कुणाला ठाऊक. सगळा माल त्या काट्यावर जातो हे रोज बघत होती, तिलाही वाटत असेल आपला माल आपण रीतीनं द्यावा. हमाल ओरडायचे, "शेठ, माल आला, वजन घ्या!" ते ऐकलं की ती दोनदा शेपूट हलवायची आणि पाणी प्यायला जायची. ते शब्द कानावर आल्याशिवाय मात्र जागची हलायची नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर होते, तर तासभर तशीच बसून होती.

हे सगळं मी एका माणसाला फार कौतुकानं सांगायचो. नांदेडच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती. एका ताटात जेवलो, एकमेकांचे सदरे घालून लग्नं गाजवली, त्याच्या आईच्या खांदेकऱ्यांत मी होतो. नोकरी संपल्यावर त्यानं नांदेडच्या बाहेर, गोदावरीच्या अंगाला, जागा घेतली आणि टेरियर जातीची कुत्री पाळायला लागला. विलायतेत ही जात उंदीर-घुशी मारायलाच तयार झाली म्हणे. लातूरला आला की माझ्या गादीवर बसायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "हं, सांग तुझ्या वाघिणीचं." मी सांगायचो. भिंतीच्या कडेचं, हिसड्याचं, काट्याचं. तो खोदून खोदून विचारायचा, धरते कुठं, सोडते कधी, आवाज करते का. आपलं कुणी एवढं मन लावून ऐकतं म्हटल्यावर मी तर हुरळूनच जायचो. हुरळली मेंढी लागली लांडग्यापाठी, ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी सारखी असायची, मला काही वेळेवर आठवली नाही.

मग एका दिवाळीत तो म्हणाला, तुला एक पिल्लू देतो, अस्सल. आई अशी, बाप तसा, पणजोबाला पदक. आणि आजी? आजीची तर त्यानं गोष्टच सांगितली. पुण्याकडच्या एका पिठाच्या गिरणीत होती, पोती हलवेपर्यंत झोपायची आणि शेवटची पोती उरली की अचूक वाटेवर जाऊन उभी राहायची. ऐकताना मला आतून पटत गेलं. वाटलं, अरे, हे तर अगदी असंच असतं! आता कळतं, ते मला खरं वाटलं कारण ते ओळखीचं होतं, आणि ओळखीचं होतं कारण ते माझंच होतं. पण तेव्हा डोक्यात असा उजेड पडला असता तर मी तीस वर्षं पोती कशाला मोजली असती.

मी मुरुडकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्यात बैल कसा घेतात तुम्ही पाहिलंय? शिंगं बघतील, भोवरे बघतील, आईच्या दुधाची चौकशी करतील, खाण तशी माती म्हणतील, सगळं करतील. पण जुंपून बघितल्याशिवाय दावणीला आणणार नाहीत. देवणी जातीचा देखणा बैल असला तरी आधी चार तास चालव म्हणतील. माझे वडील तर विकणाऱ्याला सांगायचे, "रूप तुला ठेव, मला चाल दाव." आणि त्यांचा मी मुलगा, कागद बघून कुत्रं घेऊन आलो. पिल्लाची आई कधी घुशीसमोर उभी राहिली का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मित्राला कसं विचारायचं? चाचांनी तो कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, वरचा सोनेरी शिक्का बोटानं चाचपला आणि परत देत म्हणाले, "कागज तर लई नामी हाय शेठ. पर घुशीला वाचता येते का?"

कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं होतं. हमालांनी पहिल्याच दिवशी त्याचा "साहेब" केला. दिसायला साहेबच, पांढरं अंग, तपकिरी तोंड, दाढी. वर्षाचा झाल्यावर त्याला पहिल्यांदा थप्पीशी उभा केला. शेवटचा थर उचलला आणि त्याच्या पुढच्या पायावरून घूस गेली. साहेबांनी मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं, पाहुणे आल्यासारखी शेपूट हलवली आणि माझ्या मांडीवर येऊन बसले. तेवढ्यात भिंतीकडून हिसड्याचा आवाज आला आणि ती घूस काट्यावर गेली. हमाल पोटं धरून हसले. मला हसू आलं नाही, मला राग आला. आणि सांगायला लाज वाटते, राग आला तो तिचा.

मी नांदेडला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "अरे, तुझी गावठी सगळं काम करून टाकते, तर त्याला संधी कधी मिळणार? जातिवंत जनावर गावठीच्या संगतीनं दबतं. तिला हलव, मग बघ." पटलं मला. काय सांगू, पटलं! आठवड्याभरात शिरूर अनंतपाळचा एक शेतकरी सोयाबीनसाठी पोती न्यायला आला, शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याशी, घुशींनी उच्छाद मांडलाय म्हणाला. मी म्हटलं, घेऊन जा हिला. चाचांनी तिच्या गळ्यातलं दावं स्वतः वळलेलं होतं, तीन पदर सुतळीचे आणि चौथा निळ्या दोऱ्याचा, तिला नजर लागू नये म्हणून. आमच्याकडे जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. दावं घरी राहिलं की गोठ्याची बरकत राहते, आणि जनावरावर आपला एक धागा राहतो. उद्या घेणाऱ्याला नकोसं झालं, तर ते दावं घेऊन आपण जायचं आणि आपलं जनावर आणायचं, त्याला कुणी ना म्हणत नाही. चाचा दाभण थांबवून म्हणाले, "दावं ठिवून घ्या शेठ." मी म्हटलं, "अहो चाचा, गाय आहे का बैल आहे? गावठी कुत्रीचं कसलं दावं!" ती टेम्पोत चढली तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी ऐकायची वाट बघत असावी. मी आत गेलो.

पुढचं वर्ष घुशींचं. साहेब थप्प्यांवर उन्हाला पडायचे, चेंडू दिला की खेळायचे, माणसं आली की हात चाटायचे. घुशी त्यांच्या वाटीतलं खाऊन जायच्या आणि ते बाजूला सरकून त्यांना जागा द्यायचे. त्याचा तरी काय दोष? त्याच्या बापानं, आज्यानं, पणज्यानं गाद्यांवरच जन्म काढला. त्यांची दाढी बघितली, रंग बघितला, बक्षिसं दिली, काम कुणी विचारलंच नाही. जे कुणी विचारत नाही ते रक्तात किती दिवस थांबेल? शाळेत असताना मला शंभर श्लोक पाठ होते, आता चार येत नाहीत. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मी नुसता चडफडत होतो, आणि एका सकाळी न कळवता नांदेडची बस धरली.

त्याच्या घरी पोचलो तेव्हा पुढचं दार उघडं होतं. चपला काढत होतो, तेवढ्यात मागच्या अंगणातून त्याचा आवाज आला. कुणीतरी गिऱ्हाईक होतं. तो सांगत होता, "याची पणजी लातूरला होती, बारदान्याच्या गोदामात. शेवटचे दोन थर उरेपर्यंत उठायची नाही. भिंतीच्या कडेला उभी राहायची. आणि घूस मारली की, खोटं वाटेल तुम्हाला, काट्यावर नेऊन ठेवायची! हमाल म्हणायचे, माल आला, वजन घ्या!" शब्द न् शब्द माझा. कुठं हसायचं, कुठं थांबायचं, तेसुद्धा माझं. माझ्या मित्रानं केसानं गळा कापला होता, आणि तो केसही माझ्याच डोक्याचा.

मी तसाच अंगणात गेलो. एक तरुण जोडपं होतं आणि त्यांचे म्हातारे वडील, डोक्याला पटका. बियाण्याच्या कोठ्या घुशींनी पोखरल्या होत्या, म्हणून इतक्या लांबून आले होते. मला बघून मित्राचा चेहरा क्षणभर, अगदी क्षणभरच उतरला. मग त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "घ्या! साक्षात गोदामाचे मालकच आले. तूच सांग रे यांना, ठेवायची का नाही काट्यावर?"

म्हातारे माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की ठेवायची, पण ती ह्याची नव्हे. पाच-सहा शब्द. पण चाळीस वर्षांची मैत्री, त्याचं अंगण, परकी माणसं, त्याच्या बायकोनं तेवढ्यात पुढं केलेलं पाणी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? मी म्हटलं, "हो. ठेवायची." म्हाताऱ्यांनी मला हात जोडले. "तुमी सांगितलं, मंग इस्वास बसला," म्हणाले, आणि पिल्लू उपरण्यात घेऊन गेले. ते जोडलेले हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ती माणसं गेल्यावर मी त्याला म्हटलं, "ती माझी होती." तो हसला. त्याला खरोखर काही वाटलेलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "अरे, गोष्टच तर आहे. तुझ्या गावठीची गोष्ट कोण ऐकणार होतं? माझ्यामुळं निदान तिचं नाव तरी झालं." मी म्हटलं, "तिचं नाव?" तर म्हणाला, "तिला नाव कुठं होतं?" त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही. बसमध्ये लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी खिडकीला डोकं टेकून एकच हिशेब लावत होतो, की त्यानं तिची कीर्ती चोरली हे खरं, पण तिला घालवलं कुणी? आणि साक्ष कुणी दिली?

दुसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळला गेलो. आखाडा गावाबाहेर, सोयाबीनच्या भुशाच्या ढिगाजवळ. शेतकऱ्यानं बाज टाकली, पाणी दिलं. मी भीत भीत म्हटलं, कुत्री परत न्यायला आलोय. तो काही रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "तुमी दाव्यासगट दिली शेठ. दावं ठिवलं असतंत, तर आत्ता सोडून दिली असती. आता ती आमचीच की. कारभारीण हाय ती आमची." रीत तीच होती. माझ्याच वडिलांनी मला शिकवलेली.

ती भुशाच्या ढिगाच्या कडेला उभी होती, पाठमोरी. मी आलेलं तिला कळलं असणार, फाटका कान एकदा माझ्या बाजूला वळला. पण हलली नाही. कामात होती. थोड्या वेळानं भुसा सळसळला, एक हिसडा झाला, आणि ती घूस तोंडात धरून विहिरीकडे निघाली. विहिरीजवळ एक सपाट दगड होता, कपडे धुवायचा. त्यावर तिनं घूस ठेवली आणि बाजूला बसून बाजेवरच्या आमच्याकडे बघायला लागली. शेतकरी म्हणाला, "ह्याचं काय कळत न्हाई बगा. मारली की त्या दगडावर ठिवती अन् बसून ऱ्हाती. कितीबी हाक मारा, उठत न्हाई. घटका घटका बसती. कशाची वाट बगती देव जाणे."

मला जाणायला देव लागत नव्हता. दोनदा खाकरलो आणि म्हटलं, "शेठ, माल आला, वजन घ्या!"

तिनं दोनदा शेपूट हलवली, उठली, आणि हौदावर पाणी प्यायला गेली. शेतकरी बघतच राहिला. मी त्याला ते शब्द शिकवले. एवढंच मला तिच्यासाठी करता आलं.

गोदाम पुढं दिलं, प्लास्टिकच्या गोण्यांपुढं ते चालणारही नव्हतं. चाचा गेले. साहेब म्हातारे होऊन माझ्याच पायाशी गेले, एकही घूस न मारता, आणि त्यांच्यासाठीही मी रडलो. नांदेडहून अजून कुणाकुणाच्या फोनवर पिल्लांच्या जाहिराती येतात म्हणे, त्यात लातूरच्या पणजीचा उल्लेख असतो. मी बघत नाही. बघितलं तर खोडून काढायला जावं लागेल, आणि माझी साक्ष माझ्याच विरुद्ध आहे.

काल दुपारी शिरूरहून फोन आला. शेतकरी म्हणाला, "गेली ती, शेठ. झोपेतच. म्हातारी झालती लई. दावं तुमचं व्हतं, म्हून पोत्याला बांधून धाडलं." मी विचारलं, शेवटपर्यंत काम करत होती का? "न्हाई ओ," तो म्हणाला, "दात पडलते. पर रोज सांजच्याला त्या दगडापाशी जाऊन बसायची. मंग आमची मंडळी म्हनायची, माल आला, वजन घ्या. की उठायची."

तुरीचा वास अजून ओसरीवर आहे. दावं मी दाराच्या खुंटीला अडकवलंय. त्याला आता बांधायला कुणी नाही, आणि रीतीप्रमाणं ते घेऊन कुणाला परत आणायला जायचं तर तेही उरलेलं नाही. सून म्हणाली, "मामा, ह्याचं काय करायचं?" मी म्हटलं, राहू दे. मला कुणी पुन्हा विचारलं, ठेवायची का नाही काट्यावर, तर या वेळी हे दावं हातात धरून सांगता येईल, की हो, ठेवायची, आणि ती ही, या दाव्याची.